तिसऱ्या जाहिरातीला हरकत

माझ्या दिराचं नाव शांतवन. ज्यानं कुणी ठेवलं त्याला काय दिसलं होतं, देव जाणे. जल्मात हा माणूस कवा शांत बसला न्हाई आन् दुसऱ्याला बसू दिलं न्हाई. पण त्या रविवारी त्यानं जे केलं, तो कळस होता. आजूनबी आठवलं की माझ्या तव्यातली भाकरी करपती.

आमच्या ख्रिस्ती लोकांत लग्न ठरलं की ओळीनं तीन रविवार चर्चात जाहिरात वाचतात. पाळकसाहेब उभे राहतात, मुलाचं नाव, मुलीचं नाव, दोघांची गावं वाचतात आन् म्हणतात की ह्या लग्नाला कुणाची हरकत असंल तर त्यानं आत्ताच सांगावी. मग जरा थांबतात. तेवढ्यात बाया पदर सारखा करून घेतात, पोरं खोकून घेतात, आन् पुढचं गाणं सुरू होतं. शिरूरच्या आमच्या चर्चात त्या थांबण्यात कुणी तोंड उघडल्याचं मला तरी ठाऊक न्हाई. माझ्या पोरीच्या, अनूच्या तिसऱ्या जाहिरातीला माझा सख्खा दीर उठून उभा राहिला आन् म्हणला, "माझी हरकत हाय."

मी बायकांच्या बाजूला दुसऱ्या बाकावर. मला वाटलं, ह्याला चक्कर-बिक्कर आली. पाळकसाहेब नवीन, पोरगेलेसे, सेमिनरीतनं निघून पयलीच नेमणूक. त्यांनी घाबरून हातातल्या पुस्तकात बघितलं, मग इचारलं, कशाबद्दल हरकत हाय. मी मनात म्हणलं, आता मुलाचं काहीतरी काढतंय, दारूचं न्हाईतर दुसऱ्या बाईचं. तर हा बाबा म्हणतो, "वेळ उरला न्हाई."

"कुणाचा?" पाळकसाहेबांनी इचारलं.

"सगळ्यांचा," भाऊजी म्हणले आन् खाली बसले.

मी मुक्ताबाई. मिशन कंपाऊंडात मुलींचं बोर्डिंग हाय, तिथं मी सैपाकाला. बोर्डिंगभर पोरींच्या भाकरी थापून माझा आवाज मोठा झालाय आन् डोकं कायमचं गरम, हे मी आधीच सांगते, म्हंजी नंतर कुणी बोलायला नको. माझे मालक गेले तवा अनू पयलीत होती. तवापासनं शांतवन भाऊजीच तिचा बाप. सायकलच्या नळीवर बसवून शाळेत न्यायचे. मी चुलीपुढं अडकलेली, म्हणून तिच्या वेण्यासुद्धा तेच घालायचे, एक वर आन् एक खाली. पुढं तिला नर्सिंगला घालायचं म्हणून दहा जणांच्या दारात उभे राहिले तेबी तेच. सोताचं लग्न केलं न्हाई. मी लई मागं लागले, तर म्हणायचे, वहिनी, प्रभू यायला झालाय, आता नवा संसार कुठं मांडायचा. हे बोलणं एक्क्याण्णव सालचं, इराकची पयली लढाई चालू होती तवाचं.

बाजारपेठेत त्यांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान. टीव्ही आल्यापासनं गिऱ्हाईक कमी झालं, म्हणून भाऊजी दिवसभर दुरुस्त केलेले रेडिओ सोताच ऐकत बसतात. लंडनच्या हिंदी बातम्या, दिल्लीच्या बातम्या, कुठल्या कुठल्या देशाच्या खरखरीतनं निघणाऱ्या बातम्या. आन् प्रत्येक बातमी त्यांना शास्त्रात, म्हंजी बायबलात सापडती. इराकच्या टायमाला म्हणले, शास्त्रातलं पापी शहर बाबेल पडणार, आता झालं. किल्लारीला भूकंप झाला, म्हणले, ही सुरवात. सुरतला प्लेग आला, म्हणले, बघा. दोन हजार साल लागणार होतं तवा तर घरावरचे फुटके पत्रे बदलायचे सोडून दिले. मी म्हणलं, भाऊजी, गळतंय. तर म्हणले, येणारा वरनंच येणार हाय वहिनी, आता कशाला झाकायचं. आला न्हाई कुणी. वळीव आला आन् माझं गव्हाचं पोतं भिजवून गेला.

बरं, ह्या सगळ्याला माना डोलवणारेबी आमच्यात कमी न्हाईत. पुण्याहून एक उपदेशक यायचे, त्यांच्याजवळ भिंतीला लावायचा मोठा तक्ता होता, त्याच्यावर शास्त्राच्या शेवटच्या पुस्तकातलं सात डोक्यांचं जनावर काढलेलं. प्रत्येक डोक्याखाली एकेका देशाचं नाव. दर वर्सी ते एखादं नाव खोडून दुसरं लिहायचे. कुणी इचारायचं न्हाई की गेल्या सालच्या डोक्याचं काय झालं. भाऊजी तर पयल्या बाकावर, हातात पेन्सिल घेऊन.

आन् मग त्या सप्टेंबरात अमेरिकेत त्या दोन उंच इमारती पडल्या. दुसऱ्या दिवशी सकाळीच पोपटराव आले. बोर्डिंगला दूध येतं ते त्यांच्याच गोठ्यातलं, बागायतदार माणूस, सोसायटीत वजन. तोंड एवढंसं करून म्हणले, मुक्ताबाई, तुमच्या अमेरिकेचं लई वाईट झालं. मी म्हणलं, आप्पा, माझी कुठली अमेरिका? मी आजून धड मुंबई बघितली न्हाई. पण ऐकतंय कोण. आमच्या पणजाला शंभर वर्सामागच्या दुष्काळात मिशनच्या गोऱ्या सायबानं पेज पाजली आन् तो ख्रिस्ती झाला, एवढीच आमची आन् त्या लोकांची सोयरीक. पेज कवाच जिरली. गोरे साहेबबी बोटीत बसून कवाच गेले. तरी गावाच्या लेखी आमी आजून अमेरिकेचे पाव्हणे. पुढच्या महिन्यात अफगाणिस्तानावर बाँब पडायला लागले, तर तेच पोपटराव म्हणतात, तुमच्या लोकांनी हे काय बरं केलं न्हाई. एका महिन्यात मला दुखवटाबी मिळाला आन् जाबबी द्यावा लागला. बाहेर हे, घरात दीर. जीव नुसता मेटाकुटीला आला.

अनूचं लग्न ह्या सगळ्याच्या आधीच ठरलेलं होतं. अनू दौंडला दवाखान्यात नर्स, बाळंतपणाच्या वॉर्डात. मुलगा विल्सन पाटोळे, दौंडच्या रेल्वेत फिटर. शांत पोरगा, बोलायच्या आधी इचार करणारा, म्हंजी आमच्या घरात असा पयलाच. त्याचे वडील दानियलराव रिटायर गार्ड. त्या माणसाला अजूनबी वाटतं की आपण हिरवी झेंडी दाखवल्याशिवाय सूर्य हलत न्हाई. साखरपुडा झाला, तारीख दिवाळीच्या सुट्टीतली धरली, कारण बोर्डिंगच्या पोरी घरी गेल्या की पाव्हण्यांना निजायला खोल्या मोकळ्या. पयली जाहिरात झाली, दुसरी झाली. दुसरीच्या आठवड्यात अफगाणिस्तानाची लढाई लागली. आन् तिसरीला हे असं.

पंच कमिटी त्याच दुपारी पाळकसाहेबांच्या पडवीत बसली. मी चहा घेऊन गेले आन् तिथंच दाराला टेकून उभी राहिले. कुणी जा म्हणलं न्हाई. म्हणायची टाप नव्हती.

सेक्रेटरी तात्याबा गुरुजी म्हणले, ह्याच्यात बसायचं काय? हरकत म्हंजी मुलाचं आधी लग्न झालेलं असणं, जवळच्या नात्यात असणं, वय कमी असणं. जगाचा शेवट त्याच्यात बसत न्हाई. फेटाळून लावा. पाळकसाहेब म्हणले, फेटाळायची तर कारण लिहावं लागतं. गुरुजी म्हणले, मग लिहा की हरकतीत तथ्य न्हाई.

भाऊजी कोपऱ्यात स्टुलावर बसले होते. आवाज न चढवता म्हणले, "म्हंजी प्रभू येणार न्हाई, असं कमिटीचं मत हाय का? तसं लिहा आन् सह्या करा."

झालं. सही कोण करतंय? दर रविवारी आमीच सगळे उभे राहून म्हणतो की तो येणार हाय आन् जित्यांचा आन् मेलेल्यांचा न्याय करणार हाय. महिला मंडळाच्या गीताबाई म्हणल्या, येणार हाय, पण एवढ्यात न्हाई. भाऊजींनी इचारलं, एवढ्यात न्हाई हे तुम्हाला कुणी सांगितलं? गुरुजी म्हणले, तो दिवस कुणालाच ठाऊक न्हाई. भाऊजी म्हणले, मग तो उद्या न्हाई हेबी कुणाला ठाऊक न्हाई. मग कुणीतरी इस्राएल काढलं, कुणी तेलाच्या विहिरी काढल्या. एक जण म्हणला बाबेल म्हंजी न्यूयॉर्क. दुसरा म्हणला, छ्या, बाबेल इराकातच हाय, आमचा भाचा कुवेतला कामाला होता, त्याला इचारा. चहा थंड झाला. शिरूरच्या एका पडवीत बसून ह्या लोकांनी सगळी दुनिया मोडून परत मांडली, आन् माझ्या पोरीचं लग्न तसंच लटकत राहिलं.

माझा तोल गेला. मी म्हणलं, माझ्या पणजापासनं आमच्या घरात येतोय येतोय चाललंय. त्या सगळ्या वर्सांत लोकांनी लग्नं केली, लेकरं काढली, म्हणून आज ही कमिटी हितं बसलीय. सगळे भाऊजींसारखे वाट बघत बसले असते तर हरकत घ्यायलाबी कुणी उरलं नसतं. लिहायचं ते लिहा, पण चार वाजता मला चूल पेटवायचीय.

पाळकसाहेब पोरगेलेसे असले तरी त्यांच्या डोक्यात काहीतरी होतं. त्यांनी बराच वेळ पेन चावलं आन् मग लिहिलं: हरकत ऐकून घेतली. प्रभू येईपर्यंत मंडळीची कामं नेमानं चालू राहतील. लग्न लावणं हे मंडळीचं काम हाय. मंडळी म्हंजी आमच्यात चर्चाची सगळी माणसं. सगळ्यांनी हुश्श करून सह्या केल्या. भाऊजींनीसुद्धा वाचून बघितलं आन् म्हणले, ह्याच्यात खोटं काही न्हाई.

मला वाटलं, सुंठीवाचून खोकला गेला. कुठला जातोय. उठता उठता भाऊजी म्हणले, "तुम्ही लग्न लावा. पण मी पोरीला देणार न्हाई."

हे ज्यांना ठाऊक नसंल त्यांना सांगते. आमच्यात लग्नाच्या वेळेला पाळकसाहेब इचारतात, ह्या वधूला कोण देतो? तवा मुलीचा बाप पुढं होऊन म्हणतो, मी देतो, आन् तिचा हात पाळकसाहेबांच्या हातात देतो. बाप नसला तर काका, मामा, कुणीबी चालतो. शास्त्राला चालतो. पण अनूला चालणार होता का? दुसऱ्या दिवशी ती दौंडहून आली, तिच्या कानावर सगळं गेलंच होतं. चपला काढायच्या आधीच म्हणली, आई, काका देणार नसतील तर मी लग्न करणार न्हाई. ज्यानं वाढवलं तोच नको म्हणतोय, तर मी कुणाच्या हातानं जाऊ? मी म्हणलं, तात्याबा गुरुजी देतील. तर ती म्हणली, तात्याबा गुरुजींनी मला वेणी घातली होती का? काका येडा, पुतणी त्याच्यावर ताण. मी कपाळावर हात मारून घेतला.

तेवढं थोडं म्हणून की काय, तिसऱ्या दिवशी दानियलराव हजर. दौंडहून न्हावऱ्यावरनं येणाऱ्या येस्टीनं आले, इस्त्रीचा शर्ट, काखेत छत्री, ऊन कडक पडलेलं असताना. घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं. हितं व्याही सोताच आला. पाणी दिलं, पाणी घेतलं न्हाई. म्हणले, दौंडात आमच्या मंडळीत कुजबूज चाललीय. सख्ख्या काकानं हरकत घेतली म्हंजी पोरीतच काहीतरी असंल, दवाखान्यात काम करती, काय सांगावं. मी म्हणलं, काका म्हणतोय जग बुडणार हाय. ते म्हणले, ते आमी ऐकलं, पण असलं कारण कोण खरं धरंल, लोकांना वाटतंय खरं कारण झाकायला हे पुढं केलंय. आन् त्या माणसाचंबी चुकलं न्हाई. मी दौंडात असते तर मलाबी तसंच वाटलं असतं. शेवटी म्हणले, काका सगळ्यांसमोर उभा राहून पोरीचा हात देणार असंल तर आमी वऱ्हाड आणतो. न्हाईतर माफ करा. विल्सन ऐकायचा न्हाई, पण मी त्याला ऐकवीन.

म्हंजी आता पोरगी तेच म्हणतीय, व्याही तेच म्हणतोय, आन् सगळं त्या रेडिओवाल्यापाशी येऊन अडलंय. मी अनूला घेतलं आन् तशीच बाजारात दुकानावर गेले.

भाऊजी एक रेडिओ उघडा करून बसले होते, दुसरा बोलत होता. मी जे तोंड सोडलं ते शेजारचा कापडवाला दुकानातनं बाहेर येऊन ऐकत होता. मी म्हणलं, दहा वर्सं तुमचं ऐकलं. गहू भिजला, पत्रे गंजले, तुमचं सोताचं घर मांडलं न्हाई, ते तुमचं तुम्ही. पण पोरीनं काय केलंय? तिचं नाव दौंडभर झालं तुमच्यापायी.

त्यांनी जलप्रलयातल्या नोहाचं काढलं. म्हणले, नोहाच्या वेळेलाबी लोक लग्नंच करत होते वहिनी, आन् पाणी आलं. मग इनामगावचं काढलं. म्हणले, घोड नदीच्या काठाला त्या संशोधकांनी खणलं तवा काय निघालं? चुली, रांजण, लहान लेकरांची हाडं. तीबी माणसं दाणे दळत होती, सोयरीक बघत होती. कुठं गेली? मी म्हणलं, म्हातारी होऊन मेली असतील, जशी तुम्ही आन् मी मरू. ह्याला तुमच्या रेडिओची काय गरज हाय?

अनू इतका वेळ फळीला टेकून उभी होती. ती म्हणली, काका, नोहा ऱ्हाऊ द्या. तुम्हाला काय वाटतंय ते सांगा.

भाऊजींनी बोलता रेडिओ बंद केला. खाली त्या उघड्या रेडिओकडंच बघत म्हणले, "प्रभूनं सोता सांगितलंय, त्या दिवसांत ज्या बाया पोटुशी असतील, ज्यांच्या अंगावर लेकरू असंल, त्यांचे सगळ्यात जास्त हाल होतील. समद्यांना पळावं लागंल म्हणतो. तू आत्ता लग्न केलंस तर सालभरात तू तशीच असणार. तसल्या अंगानं तू पळताना मला बघवणार न्हाई, अनू."

इतकी वर्सं मी ह्या माणसाला रिकामटेकडा समजत होते, ज्याला घरातलं दिसत न्हाई म्हणून तो जगातलं बघतो. आन् हा तिथं बसून त्या खरखरीत माझ्या पोरीला पोट घेऊन पळताना बघत होता. ज्या ओळी आमी सगळे डुलक्या घेत ऐकतो, त्या ह्यानं खऱ्या धरल्या होत्या आन् त्याच्यात आपल्याच लेकीला उभं केलं होतं. मला रडू आलं, आन् रडू आलं म्हणून त्याचाच राग आला.

अनू मात्र रडली न्हाई. ती वॉर्डात बायांशी बोलती ना, तशा आवाजात बोलली. म्हणली, "काका, मी रोज त्याच बायांत असते. हाल कुठल्या दिवसांत न्हाईत? परवा भांडगावची एक बाई ट्रॅक्टरात घालून आणली, रस्त्यातच बाळंत झाली. तवा काय जग बुडत होतं? लोक हायवेला चहा पीत होते. तिचा नवरा ट्रॉलीत तिचं डोकं मांडीवर घेऊन बसला होता, म्हणून ती वाचली."

भाऊजी एक सुटा स्क्रू बोटांत फिरवत राहिले.

"तुम्ही म्हणता तसं झालं, पळायची येळ आली," अनू म्हणली, "तर मला धरून पळणारं कुणी नको का? तुमचा गुडघा बघा. तुम्ही येणार हाय का पळत माझ्यासंगं?"

त्यांनी गुडघ्यावर हात ठेवला. तो गुडघा सायकलवरनं पडून गेलेला, थंडीत वाकत न्हाई. मला वाटलं आता हा माणूस काहीतरी बोलंल. व्हय म्हणंल, न्हाई म्हणंल, शिव्या तरी देईल. तर त्यांनी पाचकस उचलला आन् त्या रेडिओचा स्क्रू पिळायला लागले. आमी दोघी उभ्या राहिलो, उभ्या राहिलो आन् शेवटी घरी आलो. कापडवाला मला म्हणला, मुक्ताबाई, तुमच्यात लई अवघड असतं बरं का. मी म्हणलं, तुमच्यात काय सोपं असतं?

पुढचे दिवस कसे गेले ते माझं मला ठाऊक. भाऊजी दोन्ही येळेला जेवायला यायचे, खाली मान घालून जेवायचे, जायचे. मी इचारलं तर म्हणायचे, प्रार्थना चालू हाय वहिनी. असली कसली प्रार्थना म्हणावं, हितं मटणाची ऑर्डर द्यायचीय. द्यायची का न्हाई? शेवटी मी सोताच दानियलरावांना निरोप धाडला की काका उभे राहणार हायेत, या. हा निरोप खोटा होता का खरा, ते मलाच ठाऊक नव्हतं. पण देव न्हाईतर मी, दोघांपैकी एकाला तरी आता पुढं व्हायला पायजे होतं, आन् देव तर काही बोलत नव्हता.

लग्नाच्या दिवशी दौंडचं वऱ्हाड भरून आलं. पोपटरावबी आले, फेटा बांधून, पयल्यांदाच चर्चात, चपला कुठं काढायच्या ते इचारत. मी म्हणलं, आप्पा, चपला असू द्या, नुसते बसा. चर्चच्या दारात भाऊजी उभे होते. धुतलेला पांढरा सदरा, केसाला तेल. अनूनं हात पुढं केला, त्यांनी धरला. दोघं हळू हळू आत चालत आले, गुडघ्यामुळं एक पाय ओढत. मला जरा बरं वाटलं. पण चालत येणं वायलं आन् तोंडानं म्हणणं वायलं. हा माणूस खोटं बोलत न्हाई, हाच तर सगळा घोळ होता. मनात न्हाई आलं तर तो सगळ्या वऱ्हाडासमोर गप उभा राहील, हे मला ठाऊक होतं, अनूला ठाऊक होतं, आन् दानियलराव तर त्याच्यावर डोळा ठेवूनच बसले होते.

गाणं झालं. प्रार्थना झाली. पाळकसाहेबांनी पुस्तकातनं वाचलं, ह्या वधूला विवाहात कोण देतो?

भाऊजी बोलेनात. अनूचा हात त्यांच्या हातात तसाच. पुरुषांच्या बाजूनं कुणीतरी खाकरलं. पाळकसाहेबांनी परत एकदा इचारलं, जरा हळू. दानियलराव बाकावरनं अर्धे उठले.

मग भाऊजींनी डोळे मिटले आन् मोठ्यानं बोलायला लागले. पाळकसाहेबांशी न्हाई.

"प्रभू, तू येणार हायेस, मला ठाऊक हाय. जवा कळायला लागलं तवापासनं तुला मी लवकर ये म्हणलोय. आता मी म्हणतो, थांब. ह्या पोरीचं लेकरू पायावर चालायला लागू दे. त्याला धरून पळता येईल एवढं होऊ दे. मग ये."

डोळे उघडून त्यांनी पाळकसाहेबांकडं बघितलं आन् म्हणले, "मी देतो."

पाळकसाहेब पुस्तकाची पानं उलटायला लागले. ह्याच्यावर काय म्हणायचं ते त्याच्यात न्हवतंच, कुठनं सापडणार. दानियलराव होते तसे खाली बसले. बायकांच्या बाजूनं कुणीतरी मोठ्यानं आमेन म्हणलं. ती मीच होते.